सगळ्यांची तोंडं एकीकडे

पुढे मी समुद्र पुष्कळदा पाहिला. पण त्यातले मासे मला पहिल्यांदा दाखवले ते नागपूरजवळच्या सौंसर गावच्या आठवडी बाजारातल्या एका बाईनं. एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमारास मी तिथे भूगोल शिकवत होतो. ती सुके मासे विकायची. खारे बांगडे पोत्यावर रांगेनं मांडायची, सगळ्यांची तोंडं एकीकडे. गिऱ्हाइकानं एखादा उचलून वाकडा ठेवला, की बोलता बोलता बोटानं सरळ करायची.

"काय पाहून राहिले, गुर्जी?"

"मावशी, सगळे एकाच बाजूला का?"

"असेच तं येतेत ते! दिवाळी आली का झुंडीच्या झुंडी किनाऱ्याले लागतेत. एक वळला का सगळे वळतेत. माह्यापाशी आले म्हणून काय उलटेपालटे टाकू?"

ती इतकं ठासून बोलली, की मला ती कोकणातलीच वाटली. "समुद्र जवळून पाहिलाय तुम्ही."

"नाही जी. नागपूरच्या पुढं मी गेलीच नाही. पोतं आणणारा सांगते, मी ध्यानात ठेवते. तुमी पाह्यला असन?"

"हो," मी म्हणालो. वर्गातही मी हेच सांगत आलो होतो.

तिनं पदराला हात पुसले आणि रांगेकडे बोट केलं. "मंग सांगा, बरोबर मांडले का मी?"

"मावशी, मीही नाही पाहिला."

ती हसली नाही. तिनं शेजारचं रिकामं पोतं पसरलं.

"मंग बसा. सांगते."