दोन ओट्यांचा पक्ष

एका राजकीय पक्षाचे अख्खे चरित्र पितळी हंड्यावर ठेका धरून म्हणणारा माणूस हिंदुस्थानात एकच झाला, आणि ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. आम्ही तंजावर भागातले मराठी; कुंभकोणमला मोठ्या रस्त्यावर त्यांचे भांड्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक हंडा वाजवून बघायला उचले, की आतोबा तो काढून घेत आणि सुरू होत: "मोठ्या पक्षाच्या पोटीं, तुरुंगांत, आमची लेक जन्मली." पक्ष ही त्यांची लेक. तिने बापाच्याच घरात समाजवाद बोलून खाल्लेली बोलणी, स्वातंत्र्यानंतर मांडलेली वेगळी चूल, पहिल्या निवडणुकीत सबंध देशासमोर झालेली फजिती, यातले काहीही गाळायची सोय नव्हती. फजिती तर ते विशेष रंगवून सांगत. जमिनींचा मोठा पसारा असलेल्या एका मठाचा कारभारी एकदा समई घ्यायला आला, तर त्याला जमीन कसणाऱ्याची कशी हे समईला वात लावायच्या आत पटवायचा त्यांनी घाट घातला. कारभारी समई न घेताच गेला. "समई गेली तर जावो, विचार घेऊन गेला," आतोबा म्हणाले. आत्याने कपाळाला हात लावला.

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तर कहर झाला. भटजी वधूचे पणजोबा, आजोबा, वडील असा वंश खड्या आवाजात उच्चारत होते. आतोबा शेजारी डोळे मिटून डोलत होते. भटजी श्वास घ्यायला थांबले, तोच आतोबांनी त्याच चालीवर पक्षाची वंशावळ सुरू केली. सनईसारखे नादस्वर वाजवणाऱ्याला वाटले मुहूर्त आला, त्याने ते जोरात फुंकले आणि वऱ्हाडाने अक्षता टाकल्या. आमचे मेहुणे अजून म्हणतात, की माझे लग्न नक्की कुणाशी लागले ते मला माहीत नाही.

पक्षाची कचेरी त्यांच्या घरीच होती. आमच्याकडच्या घरांना दाराच्या दोन्ही अंगांना एकेक ओटा असतो. त्यातल्या डाव्या ओट्यावर चटई आणि झेंडा, झाली कचेरी. सभासद एकटे आतोबा. मग एके सकाळी वर्तमानपत्रात आले, की आपला पक्ष आणि शेतकरी-मजुरांचा दुसरा एक पक्ष एक होणार. आतोबा पेपर घेऊन घरभर नाचले. त्या दुसऱ्या पक्षाचाही आमच्या भागात एकच सभासद होता, इन्नंबूरचा एक भातशेतीवाला. आम्ही त्यांना तमिळ रीतीने चित्तप्पा, म्हणजे काका, म्हणू लागलो. आतोबांनी त्यांना केळीच्या पानावर जेवायला बोलावले, चंदन लावले, धोतरजोडी दिली. मुलीकडचे आतोबा, मुलाकडचे चित्तप्पा. त्या दिवसापासून दोघे एकमेकांना "संबंधी" म्हणू लागले. तमिळात व्याह्यांना तसेच म्हणतात.

त्यानंतर पक्षाची कथा सांगायला दोघे लागत. चित्तप्पा रोज सायकलने येत. आतोबा रंगात येऊन विलीनीकरणापर्यंत पोचले की थांबत आणि हात पुढे करत. मग चित्तप्पांनी त्यांचे एकुलते एक मराठी वाक्य म्हणायचे: "दोन घरें होतीं, तीं एक जाहलीं." त्यांच्या तोंडी 'घरें'चे 'गरें' होई, पण आतोबांचे डोळे प्रत्येक वेळी भरून येत. आणि आत्या आतून दोन पेले कॉफी आणे.

पण पोरांचे नांदणे व्याह्यांच्या हातात थोडेच असते? वरच्या पुढाऱ्यांचे फाटले आणि जहाल मंडळी बाहेर पडली. चित्तप्पा जहाल. आतोबांनी पेपर वाचला आणि त्या दिवशी दुकान उघडलेच नाही. संध्याकाळी सायकल वाजली तेव्हा आम्ही सगळे दाराआड उभे. चित्तप्पा डाव्या ओट्याकडे बघत खालीच उभे राहिले. आता हा माणूस परत फिरणार, एवढेच माझ्या डोक्यात. तेवढ्यात आत्या बाहेर आली. "लग्न मोडलें म्हणून संबंधी मोडतात काय? उजवा ओटा रिकामाच आहे," ती म्हणाली.

झाले, उजव्या ओट्यावर दुसरा पक्ष थाटला. दोन्ही पक्ष दाराच्या दोन अंगांनी एकमेकांवर कडाडून तुटून पडत. येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्हीकडचे ऐकल्याशिवाय सुटका नसे. आत्या कॉफीचा एक पेला डावीकडे आणि एक उजवीकडे देई. भांडण कितीही पेटो, आतोबांनी कथेतल्या त्या जागी येऊन हात पुढे केला, की पलीकडून खालच्या आवाजात का होईना, "दोन गरें होतीं" यायचेच. मला तर फुटीनंतरच पक्षात खरी जान आली असे वाटे.

मग मोठा पक्षही समाजवाद आपलाच म्हणू लागला. आतोबा म्हणत, "लेक घरांत घेतली नाहीं, नांव मात्र घेतलें." आणि एके दिवशी कळले, की चित्तप्पा त्या मोठ्या पक्षात गेले. पापनाशमला त्यांना कसलेसे पद मिळाले, गाडी मिळाली. गाडी आमच्या रस्त्याने जाई, थांबत मात्र नसे. त्यांना लाज वाटत असावी. राग यायला हवा होता, पण मला त्या उजव्या ओट्याकडे बघवत नसे.

आतोबांनी कथा सोडली नाही. एका संध्याकाळी तंजावरचे पाहुणे आले होते, त्यांना त्यांनी डाव्या ओट्यावर बसवले. तुरुंग झाला, वेगळी चूल झाली, फजिती झाली, पाहुणे हसून हसून लोळले. मग विलीनीकरणाचे ते ठिकाण आले. आतोबा थांबले आणि सवयीने हात उजवीकडे पुढे केला. पाहुणे बघत राहिले. हात तसाच राहिला.

कधीही कुठल्या सभेत तोंड न उघडलेली आत्या दाराशी उभी होती, दोन पेले घेऊन. एक पेला डावीकडे देऊन ती उजव्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "दोन गरें होतीं, तीं एक जाहलीं."

तिने चित्तप्पांसारखे 'गरें'च म्हटले. आतोबांनी मान हलवली आणि कथा पुढे नेली. आत्याने दुसरा पेला, चित्तप्पांचा, आपल्या शेजारी ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.