सगळ्यांच्या कपाळावरची रेघ

ड्रेस्डेनच्या स्ट्रीसेन भागात झीगमार क्रेचमार राहतो, आणि जगातली अक्कल एकट्या आपल्याच वाट्याला आली अशी त्याची पक्की समजूत आहे. बर्लिनची भिंत पडेपर्यंत तो तिथल्या कॅमेऱ्याच्या कारखान्यात तपासनीस होता. कारखाना गेला, पण तपासणी काही सुटली नाही. हल्ली तो शेजाऱ्यांच्या बागेतली कुंपणं, पाववाल्याचे पाव आणि सुनेचं बोलणं तपासतो आणि सगळंच नापास करतो.

बायको क्रिस्टेल त्याच कारखान्यातली. कॅमेऱ्यात फिल्मला मागून दाबून धरणारी एक प्लेट असते, ती घासून गुळगुळीत करायचं तिचं काम. माझी एकही प्लेट यानं परत पाठवली नाही, हे ती आजही कौतुकानं सांगते. लग्नही त्यातूनच जमलं.

सून फ्रीडेरिके श्टुटगार्टची, म्हणजे पश्चिम जर्मनीची. तिचा हा पहिला गुन्हा. ती फोनवर फोटो काढते, हा दुसरा. झीगमारच्या लेखी ते फोटोच नव्हेत. घरातलं प्रत्येक लग्न आणि बारसं त्यानं आपल्या कारखान्याच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं, आणि ते कसं टिपलं हे प्रत्येकाला निदान चारदा ऐकवलेलं.

पण नाताळचे फोटो धुऊन आले, तर प्रत्येकावर काळी रेघ. आडवी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांच्या कपाळांवरून गेलेली. झीगमारनं खापर फोडलं ते फिल्म धुणाऱ्या दुकानावर.

"दाढी वाढवली की फिल्म धुता येते असं वाटतं या पोरांना," तो क्रिस्टेलला म्हणाला.

त्यानं दुकान बदललं. रेघ आलीच. मग हल्लीची फिल्मच भिकार ठरली. ते ऐकून फ्रीडेरिकेनं चांगल्यातले दोन रोल आणून दिले. झीगमारनं नाक मुरडलं. जुन्या राज्यात, पूर्व जर्मनीत, फिल्मची डबी कोणी फेकत नसे. लांबलचक फिल्म आणायची, अंधारात हातानं कापायची आणि त्याच त्या पत्र्याच्या डबीत पुन्हा पुन्हा गुंडाळायची. त्या काळातली एक लाडकी डबी झीगमार अजून वापरत होता. एकदा वापरून फेकायच्या पश्चिमेच्या डबीला तो डबी म्हणायलाही तयार नव्हता. तळघरात दिवा मालवून त्यानं सुनेच्या रोलची धडधाकट डबी फोडली आणि आतली फिल्म आपल्या डबीत भरली.

"माल त्यांचा का असेना, वेष्टण तरी माणसाचं असावं," असं वर ऐकवायलाही तो विसरला नाही.

पुन्हा रेघ.

रविवारच्या कॉफीला फ्रीडेरिके म्हणाली, "ओपा, येटेची युगेंडवाये एकदाच होणार. फोटोला मी माणूस सांगते."

येटे झीगमारची एकुलती एक नात; तिच्यामुळे सूनही सासू-सासऱ्यांना ओमा-ओपा, म्हणजे आजी-आजोबा, म्हणते. युगेंडवायेला आमच्याकडे चौदाव्या वर्षी पोरांना सभागृहात बसवतात, एक लांबट भाषण ऐकवतात, हातात फूल देतात आणि मोठ्यांत घेतात. मुलाच्या वेळचे फोटो झीगमारनं काढले होते. नातीच्या वेळी आपण खुर्चीत बसायचं आणि परक्या माणसानं पुढे नाचायचं, या कल्पनेनंच त्याच्या घशात केक अडकला.

"भाड्याचा माणूस?"

"बिनरेघेचा माणूस," फ्रीडेरिके म्हणाली. "एक रोल अजून शिल्लक आहे ना? ईस्टरला काढून बघा. त्यातही रेघ आली तर मी फोन लावते."

तेव्हा कुठे हा तपासनीस तपासायला बसला. कॅमेरा उघडला, प्लेटवरून बोट फिरवलं. लोण्यासारखी. शेवटी खिडकीशी जाऊन त्यानं निगेटिव्ह तिरपी धरली. इतके महिने हे त्यानं केलंच नव्हतं. गुन्हेगार कोण हे आधीच ठाऊक असल्यावर पुरावा कोण बघतो?

ओरखडा फिल्मच्या पुढच्या, चित्र उमटतं त्या मळकट बाजूला होता. प्लेट टेकते ती मागच्या चकचकीत बाजूला. मळकट बाजूला मधोमध कॅमेऱ्यातलं काहीच टेकत नाही. टेकते ती फक्त फिल्म बाहेर येते त्या डबीच्या तोंडाला, उजेड अडवायला लावलेली मखमल. झीगमारनं लाडकी डबी उचलून भिंगाखाली धरली. मखमलीत वाळूचा एक कण रुतून बसला होता.

ईस्टरला त्यानं सुनेचा दुसरा रोल जसाच्या तसा, गुपचूप कॅमेऱ्यात घातला. फोटो लख्ख आले. सगळे टेबलाशी बसून बघत होते. क्रिस्टेल कॉफी ओतत होती.

"मग दोष कशात होता, ओपा?" फ्रीडेरिकेनं विचारलं. तिनं अगदी सरळ विचारलं होतं.

माझ्या डबीत, एवढं म्हटलं की संपलं असतं. पण श्टुटगार्टपुढे? झीगमारनं मिशा पुसल्या.

"प्लेट खडबडीत होती. मूळचीच. मी घासून सारखी केली."

"म्हणजे तुमच्या कारखान्यातही असला माल निघायचा?"

"निघायचा कधीमधी. प्लेटा घासायला बायका होत्या ना. हात कमी, तोंड जास्त."

कॉफीची धार थांबली. क्रिस्टेलनं किटली खाली ठेवली, झाकण नीट बसवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. केक आणायला गेली असेल असं फ्रीडेरिकेला वाटलं. केक टेबलावरच होता.

मे महिन्यात कोणी भाड्याचा माणूस आला नाही. समारंभ आटोपल्यावर झीगमारनं सभागृहाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना ओळीनं उभं केलं. याला मागे सरकव, त्याची हनुवटी वर कर, असा त्याचा तोरा चालला होता.

"क्रिस्टेल, तू मध्ये ये. येटेच्या शेजारी."

क्रिस्टेल बाकावर बसली होती. ती उठली नाही.

"नको," ती म्हणाली. "माझ्या हातचं खडबडीत असतं. उगाच रेघ उमटायची."

ओमाचे आज पाय दुखतायत वाटतं, असं फ्रीडेरिके येटेला म्हणाली. झीगमारला मात्र बरोबर कळलं. तेव्हाही खरं सांगायला उशीर झाला नव्हता. त्यानं एकवार सुनेकडे बघितलं आणि डोळा कॅमेऱ्याला लावला.

फोटोवर रेघ नाही. येटेच्या शेजारी एका माणसापुरती जागा आहे. फ्रीडेरिकेनं तो मोठा करून भिंतीवर लावलाय, आणि येईल त्याला ती सांगते, आमच्या ओपांनी काढलाय.