खाचरातलं घर आणि फ्रेंच ड्रेन

सुमती आठल्ये बाईंच्या स्वयंपाकघरात मी गुडघे टेकून बसलो होतो. जुलै महिना. फरशीच्या दोन सांध्यांतून पाणी वर येत होतं. वेगाने नाही, सावकाश, रीतसर परवानगी काढून आल्यासारखं. मी ते फडक्याने टिपलं. पाच मिनिटांत तेवढंच पुन्हा आलं.

"किती मिनिटं?" बाईंनी विचारलं.

"पाच."

"म्हणजे तासाला बारा फडकी. आता पुढचं गणित तू कर. इंजिनिअर तू आहेस."

बाई मुरबाडच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. हे वाक्य लोक सत्काराला म्हणतात, पण माझ्या बाबतीत ते हिशोबाने खरं आहे. दहावीनंतर मी शेतावर जाणार हे घरात ठरलेलं होतं. बाई एसटीने डोळखांबला आल्या, तिथून आमच्या पाड्यापर्यंत चालत आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "दत्ताला मी नेतेय. शेत काही पळून जात नाही." अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्या ओसरीवर झोपलो, त्यांच्या हातचं जेवलो आणि रोज त्यांची बोलणी खाल्ली. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. कल्याणला एका कन्सल्टंटच्या ऑफिसात नोकरी लागून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

म्हणून रिटायर होताना बाईंनी म्हसा रोडला प्लॉट बघितला, तेव्हा मलाच बोलावलं. मी आदल्या वर्षीच्या मे महिन्यात गेलो. ऑफिसची लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, नेली होती. तिपाई लावली, एक डोळा मिटला आणि खूश झालो. "एकदम सपाट प्लॉट आहे, बाई. बिनधास्त घ्या." त्यांनी घेतला, घर बांधलं आणि राहायला गेल्या.

आमच्या भातपट्ट्यात इतकी सपाट जमीन एकाच कारणाने असते. ते खाचर असतं. खाचर म्हणजे पाणी साठावं म्हणून मुद्दाम सपाट केलेलं, चारी बाजूंनी मातीचे बांध घातलेलं भाताचं शेत. पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवून त्याची खालची माती इतकी घट्ट होते की पाणी खाली जिरत नाही. हे माझ्या वडिलांनी धावत्या एसटीतून बघून सांगितलं असतं. मी स्वतः कळायला लागल्यापासून अशाच खाचरांत भात लावलं होतं. ते ओळखता येऊ नये यासाठी मला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकावं लागलं.

बाईंना हे मी बोललो नाही. "यंदा पाऊस जास्त आहे," एवढंच म्हणालो.

"वॉटरप्रूफिंग कर," ऑफिसात कर्णिक साहेब म्हणाले. साहेबांचं सगळ्या रोगांवर हेच औषध. ऑगस्टच्या उघडिपीत शहाबादी फरशा काढल्या, खाली केमिकलचा थर दिला, वर नव्या फरशा बसवल्या. सप्टेंबरात पाणी स्वयंपाकघरात यायचं थांबलं आणि बेडरूममध्ये यायला लागलं. जमिनीतल्या पाण्याला दाब असतो. एक वाट बंद केली की ते दुसरी शोधतं.

बाईंचे गुडघे आधीच दुखत होते. त्या नाशिकला भावाकडे निघाल्या. मी ट्रंक घेऊन स्टँडवर सोडायला गेलो.

"भाऊ म्हणतोय, विकून टाक आणि इथेच राहा," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे. मला त्याच्याकडे पाहुणी म्हणून उरलेलं आयुष्य काढायचं नाही. पण ओल्यात झोपायचंही नाही. पुढचा पावसाळा तू घर बघ आणि दसऱ्याच्या आत मला लिही. तू लिहिशील तसं करेन."

मला ओरडा चालला असता. हे चाललं नाही.

थंडीत मी साहेबांपुढे ड्रॉइंग ठेवलं. "फ्रेंच ड्रेन घालू या."

"मुरबाडला? फ्रेंच?"

"नावच तसं आहे, सर."

"बाई तुझ्या, रविवार तुझा. ऑफिसचं नाव मध्ये आणू नकोस."

फ्रेंच ड्रेन ही अगदी साधी गोष्ट आहे. घराच्या ज्या अंगाने पाणी येतं तिथे खोल चर खणायचा. त्याला एका बाजूला उतार द्यायचा. तळाला खडी, खडीवर भोकं पाडलेला पाइप, पाइपवर पुन्हा खडी, वर जाडी वाळू. जमिनीतलं पाणी घराखाली शिरण्याआधी खडीत उतरतं आणि पाइपातून बाहेर जातं. पाण्याला अडवायचं नाही, त्याला सोयीची वाट द्यायची. पाणी शेजारच्या, थोड्या उंचावरच्या खाचराकडून येत होतं, म्हणून मी चर बाईंच्या हद्दीत, अगदी बांधाला लागून आखला. पाइपचं तोंड मागच्या नाल्यात सोडलं.

एप्रिलमध्ये काम काढलं. पाइपची भोकं खालच्या बाजूला ठेवायची म्हटल्यावर जनू मिस्त्री थांबला.

"सायब, भोकं खाली? पानी गळून जाईल ना."

"पाणी खालून वर चढतं, जनू. चढलं की भोकातून आत येतं. भोकं वर ठेवली तर पाइप बुडेपर्यंत घर भरेल."

"तुमी शिकलेले," जनू म्हणाला. आमच्याकडे हा पाठिंबा नसतो.

पावसाळा आला आणि ड्रेन चालला. चांगला चालला. मी दर रविवारी किल्ली घेऊन जायचो, अनवाणी सगळ्या खोल्यांतून फिरायचो, मग मागे जाऊन पाइपच्या तोंडातून पडणारी धार बघत उभा राहायचो. लोक देवळात जातात तसा.

ऑगस्टात पावसाने लांब उघडीप दिली. रविवारी गेलो तर बेडरूमची फरशी ओली. पाऊस नाही आणि पाणी आहे. मागे गेलो. पाइपच्या तोंडात मातीने भरलेलं पोतं ठोसून बसवलेलं. मी ते उपसून काढलं. पुढच्या रविवारी पोतं परत, आणि काम पहिल्यापेक्षा सरस: वरून चिखल लिंपलेला. तिसऱ्या रविवारी पोत्याशेजारी एक बाई विळा घेऊन बसलेल्या होत्या. वरचं खाचर त्यांचं. नाव ठमाबाई. पन्नाशीच्या असतील.

"तूच काय रे तो गटारवाला?"

"गटार नाही, मावशी. फ्रेंच ड्रेन आहे."

"कुठलापन असू दे. माजं पानी कुठं नेतोस ते सांग."

मी त्यांना भूजल समजावायला लागलो. पाऊस पडतो, मुरतो, पाणी उताराकडे सरकतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बूट काढ," त्या म्हणाल्या.

"का?"

"बूट घालून नाय कळनार."

मी बूट काढून त्यांच्या खाचरात उतरलो. पाय पोटरीपर्यंत चिखलात जायला हवा होता. तो घोट्यापर्यंतही बुडला नाही. कडेला भेगा पडायला लागल्या होत्या. भात पोटरीला आलेलं, म्हणजे कणीस पोटात धरलेलं. पाणी त्याला याच वेळी सगळ्यात जास्त लागतं. एवढं मला बूट काढल्यावर आठवलं.

"तुजी बाय सुक्यात झोपते आनि माजं भात सुक्यात मरतं."

"बाई नाशिकला आहेत, मावशी."

"मग तर कुनीच झोपत नाय. रिकाम्या घरापायी माजं भात मारतोस?"

ठमाबाई बांधाशी वाकल्या आणि त्यांनी एका बिळात खांद्यापर्यंत हात घातला. "पलीकडं जा. तुजी खडी उकर."

मी बांधाच्या पलीकडे जाऊन खडी बाजूला केली. माझ्या ड्रेनच्या पोटात ठमाबाईंची बोटं हलत होती. बोटांच्या शेजारी एक खेकडा बसला होता, घरमालकासारखा.

"खाचरातून नळच बसवलाय तुज्या गटारापर्यंत," त्या बांधावरून म्हणाल्या. "एक नाय, मोजलीत मी, अकरा बिळं आहेत."

"पण खेकडे इकडे कशाला येतील?"

"दगड भरलेस. खाली थंड पानी ठेवलंस. वारा येतोय. खेकड्यानी मग कुठं जायचं, कल्यानला?"

सोमवारी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "नोटीस दे. जागा बाईंची, पाइप बाईंचा. कुणी बंद करू शकत नाही."

"आणि त्यांचं भात, सर?"

"भात आपल्या स्कोपमध्ये नाही."

नोटीस लिहायला मी कागद घेतला. पोटरीला आलेलं भात सुकलं की आमच्या घरी काय व्हायचं ते मला ठाऊक होतं. कागद ठेवून दिला आणि रविवारी पुन्हा गेलो.

"तुला पानी नको, मला हवंय," ठमाबाई म्हणाल्या. "मग मधी भिंत घाल ना. चिखलाची. तुडवलेली."

मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीची अशीच भिंत असते. त्या पेपरात मला डिस्टिंक्शन होतं. बांधाला ती लागते हे पेपरात नव्हतं.

"खेकडा ती पण कोरेल," मी म्हणालो.

"कोरेल. मग तू काय शिकलास?"

घरामागे वॉटरप्रूफिंगच्या वेळी काढलेल्या शहाबादी फरशांचा ढीग होता. मी त्या उभ्या लावायच्या ठरवल्या. दगड काही खेकडा कोरत नाही. दोन रविवार आम्ही तिघांनी काम केलं: ठमाबाई, त्यांची सून आणि मी. बांध आणि ड्रेन यांच्यामध्ये अरुंद चर खणला, खेकडे पकडले, बिळं ठेचून बंद केली, फरशा एकीला एक चिकटवून उभ्या केल्या आणि दोन्ही बाजूंनी चिखल तुडवून भरला. तुडवायचं काम माझं. ठमाबाई बांधावर उभ्या राहून सुपरव्हिजन करत होत्या. "टाच मार, टाच. नाचतोस काय?"

खाचरात पाणी टिकलं. पाइपची धार बारीक झाली, पण थांबली नाही. पोतं ठमाबाईंनी स्वतः काढून नेलं.

बाई परत आल्या का, ते आधीच सांगतो, म्हणजे पत्र निवांत वाचता येईल. आल्या. शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. आणि मी तेव्हापासून कुठलाही प्लॉट पावसाळ्यात, बूट काढून बघतो. पत्राची कॉपी ठेवायची सवय मला ऑफिसने लावली, म्हणून ते माझ्याकडे आहे.

"ती. बाई,

सा. नमस्कार.

घर कोरडं आहे. गेले सहा दिवस इथे सतत पाऊस आहे. मी कालची रात्र बेडरूममध्ये जमिनीवर चादर टाकून झोपलो. सकाळी चादर कोरडी होती.

एक गोष्ट मागेच सांगायला हवी होती. पाऊस जास्त नव्हता. तुमचा प्लॉट खाचर आहे. ते मला पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवं होतं. आलं नाही. चूक माझी होती आणि मी ती पावसावर ढकलली.

दुसरी गोष्ट. वरच्या खाचराच्या ठमाबाईंना मी तुमच्या वतीने शब्द दिला आहे. दर पावसाळ्यात त्यांच्या घरचं कुणीही, केव्हाही, न विचारता तुमच्या कंपाउंडमध्ये येऊन खेकड्यांची बिळं बघेल. फाटकाला कुलूप लावायचं नाही. त्यांच्याशिवाय हा ड्रेन चालणार नाही. त्या मला अरे-तुरे करतात, तुम्हालाही करतील.

तिसरी. काम झालं त्या दिवशी पकडलेल्या खेकड्यांचा रस्सा तुमच्या मागच्या अंगणात झाला. पातेलं त्यांचं होतं. पळी तुमची होती. ती मी तीनदा घासली आहे. तरी नको वाटली तर नवीन आणून देतो.

विका किंवा विकू नका, असं मी लिहिणार नाही. तुम्ही म्हणाला होतात, मी लिहीन तसं कराल. तसं करू नका. पाऊस आहे तोवर या, आठ दिवस राहा, घरभर अनवाणी फिरा आणि मग भाऊंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. शनिवारी मी नाशिकला न्यायला येतो. ट्रंक बांधून ठेवा.

आपला विद्यार्थी,
दत्ता"