एकटीचा बेंजो

माझी लेक बेंजो वाजवते. हे मी कोणी न विचारताही सांगते. बाजारात सांगते, वाशिंदच्या रिक्षात सांगते, एकदा तर डॉक्टर इंजेक्शन देत असताना सांगितलं. आमच्याकडे हळद म्हटली की बेंजो आलाच. एका हाताने पट्ट्या दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या, एवढंसं वाद्य. पण स्पीकरला जोडलं की म्हातारीकोतारी मांडवात उतरतात. माझ्या सासऱ्यांची सापगावात बेंजो पार्टी होती. पार मुरबाडपर्यंत त्यांना बोलावणी यायची. नातीला त्यांनीच शेजारी बसवून शिकवलं.

ती मुंबईच्या जॅझ फ्यूजन बँडमध्ये बेंजो घेऊन गेली तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. सॅक्सोफोन, गिटार, ड्रम, आणि त्यात आपला बेंजो! लोक खुर्च्यांवर बसून नुसतं ऐकतात हे कळल्यावर तर त्यांनी निकालच देऊन टाकला, "ज्याच्यावर कोन नाचत नाय, ता वाजवना कसला?" फोनवर तिचा व्हिडिओ लावला की ते उठून गोठ्याकडे जायचे. लेक हसण्यावारी न्यायची. पण तिला शाबासकी हवी होती ती याच माणसाची, हे मला ठाऊक होतं.

म्हणून शहापूरच्या सभागृहात तिच्या बँडचा कार्यक्रम ठरला तेव्हा मी सासऱ्यांना बजावलं, तुम्ही आला नाहीत तर मीही जाणार नाही, आणि मग घरात जे होईल ते तुमचं तुम्ही निस्तरा. माझ्या जिभेला ते वचकून असतात. धुतलेली टोपी घालून आले आणि पहिल्या रांगेत तोंड फुगवून बसले.

निम्मं गाव लोटलं होतं. सुरुवातीला सगळे लग्नात चुकीच्या पंगतीला बसल्यासारखे बावरले होते, पण हळूहळू माना डोलायला लागल्या. आणि मग एका गाण्याच्या मध्येच सॅक्सोफोनवाल्याने वाद्य खाली केलं. गिटारवाला थांबला. ड्रमवाल्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. लेक एकटीच वाजवत राहिली.

आमच्याकडे याचा अर्थ एकच. पार्टीत भांडण झालं की बाकीचे भर मांडवात हात काढून घेतात आणि एकट्याला उघडं पाडतात. मागे बायकांची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात सासरे उठले, हात उंच करून टाळीने ठेका धरला आणि मागे वळून गावावर डोळे वटारले. गाव काय, वाटच बघत होतं. सगळं सभागृह ठेका द्यायला लागलं. लेक क्षणभर गडबडली, मग तिने बोटं आमच्या ठेक्यावर आणली आणि अशी काही सुटली की ड्रमवाल्यालाही राहवेना. मागच्या बायका नाचायला लागल्या. मी खुर्चीवर उभी राहिले. लाज कसली? लेक माझी आहे.

कार्यक्रम संपताच सासरे तडक स्टेजवर चढले आणि त्या मुंबईच्या पोरांना विचारलं, "पोरीला एकटी का टाकली रे?" लेकीने आजाचा हात धरून समजावलं. कोणी टाकलं नव्हतं. त्यांच्या संगीतात प्रत्येकाची बारी येते, आणि ती आली की बाकीच्यांनी थांबून फक्त त्याचंच ऐकायचं. तो त्याचा मान असतो.

सासऱ्यांनी बेंजोच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे ते तुजा आयकायला गप बसलेले?"

"हो आजा."

"मी येवढी वर्सा वाजवला," ते म्हणाले, "माज्यासाठी कोन गप नाय बसला."

सभागृह रिकामं होत होतं. त्यांनी एक खुर्ची ओढली, लेकीच्या समोर ठेवली आणि टोपी काढून मांडीवर घेऊन बसले.

"आता वाजव गो," ते म्हणाले. "मी गप बसतो."