तापीतल्या राक्षसाचं वजन

माझ्या गोष्टीतला राक्षस तापीत उताणा तरंगायचा आणि येणारी-जाणारी नाव माणसांसकट गिळायचा. घरातली पोरं हातातली भाकर विसरून ऐकायची. इंग्रजी चौथीत दोनदा आपटलेल्या माणसाला एवढं एकच काम जमत होतं.

मग वहिनी बाळंतपणाला नदीपलीकडे, कळसाडीला माहेरी गेली. मुलगा झाला. तिच्या सात वर्षांच्या पोरीला बारशाला मी न्यायचं ठरलं, तर पोरीने ओट्याचा खांब धरला.

“माले नावमा बसानं नही. राक्षस शे.”

भाऊ माझ्याकडे वळला. “तुन्हा राक्षस शे, तूच बुडाव. तिले भाऊनं तोंड दखाडनं शे.”

शाळेतलं एक वाक्य डोक्यात कसंबसं शिल्लक होतं: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, त्याहून ती जड असली तर बुडते. राक्षस म्हणून मी वाळलेला भोपळा घेतला आणि गुरांच्या हौदात सोडला. आमच्याकडची पोरं भोपळे पाठीला बांधूनच पोहायला शिकतात, हे मला तो डौलात तरंगल्यावर आठवलं.

“दखा! तरंगस!” पोरगी रडायलाच लागली.

“अगं, हाऊ उपाशी शे,” मी म्हणालो. भोपळ्याला तोंड पाडलं. “आते यानी सात म्हशी खाद्यात, दख.” सात गोटे आत टाकले. राक्षस बुडबुडे सोडत तळाला गेला. मी मिशीवर हात फिरवला.

तिने डोळे पुसले. “काका, म्हशी पचन्यात तर?”

मी चौथीचं पुस्तक डोक्यात चाळलं; त्यात म्हशींचा धडा नव्हता.

शेवटी तिनेच तोड काढली: आधी राक्षसाला जेवू घालायचं, मगच नावेत पाय ठेवायचा. काठावर सात म्हशी कुठून आणणार? माझ्या हातात बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा होता. पोरगी एकेक लाडू पाण्यात टाकी आणि वाकून बघे. “बुडना! हाऊ बी बुडना!” सगळे दगडासारखे बुडाले. त्यात शास्त्राचा वाटा किती आणि लाडू वळणाऱ्या माझ्या बायकोचा किती, हे मी घरी कधी बोललो नाही. नावाडी वल्हं टेकवून बघत राहिला होता.

डबा रिकामा झाल्यावर ती स्वतःहून नावेत चढली, आणि बारशाला भावाला मांडीवर घेऊन बसली ती उठेचना. तेवढ्यात वहिनीने डबा उघडला.

“काकानी राक्षसले जेवाडं,” पोरीने सांगून टाकलं.

वहिनीने डबा उपडा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी निघताना तिने माझ्या हातावर दोन भाकरी ठेवल्या. “भाऊजी, परत जावानं शे ना? त्याले भूक लागनी व्हई.”

पोरगी त्यातली एक भाकर घेऊन आजोळच्या हौदाकडे पळाली. भाकर तरंगली.

आम्ही कळसाडीला आणखी तीन दिवस राहिलो, लाडवांना डिंक मिळेपर्यंत.