पांढऱ्या रंगाखाली

पंच्याऐंशीच्या सुमारास घाटकोपरच्या आमच्या वाचनालयात एक व्यंगचित्रकार आपली मूळ चित्रं दाखवायला आला होता. बोलताना सारखा अंगठा सदऱ्याला पुसायचा, शाई नसली तरी.

नळावर झिंज्या धरून भांडणाऱ्या बायकांचं चित्र मी लगेच ओळखलं. पेपरात आलं तेव्हा पोट धरून हसलो होतो, तसं त्याला सांगितलंही. एका बाजूला पांढऱ्या रंगाचा जाड थर होता, छपाईत न दिसलेला.

"इथं चुकलं होतं का?" मी विचारलं.

"चुकलं? संपादकांनी झाकायला लावलं!" त्याने ब्लेडने थर खरवडला. खालून पाइप निघाला, नळापासून थेट मंत्र्याच्या बंगल्यातल्या कारंज्यापर्यंत गेलेला.

"आणि तुम्ही हसलात कोणाला? या बायकांना!"

ते कात्रण मी घरी चिकटवलं होतं, आईच्या रिकाम्या हंड्यांच्या वर.