आप्पांच्या दंडावरची गाठ

"दुखस का?" कुणाच्याही जखमेला हात लावण्याआधी आप्पा हे विचारायचेच. उत्तर येईपर्यंत त्यांची कात्री हवेत थांबलेली असायची.

नंदुरबारच्या माझ्या दवाखान्यात ते अठरा वर्षं ड्रेसर होते. कोरीटहून रोज यायचे, माझ्याआधी पोचायचे. पट्टी सोडवताना माणसाला बोलण्यात गुंतवणारा असा कुणी तुम्हीही पाहिला असेल. रनाळ्याचा एक धिप्पाड शेतकरी पायाला कुऱ्हाड लागून आला होता. "नही दुखत," तो गुरगुरला.

"मंग डोयामा पानी काबरं?"

बाकावरचे पेशंट हसले, तोही हसला. तेवढ्यात चिकटलेली पट्टी सुटली होती.

एका दुपारी आप्पांनी स्वतःची बाही वर केली. दंडावर वाटाण्याएवढी तांबूस गाठ होती. "दाबी की दुखस, साहेब."

मी खुर्चीतून उठलोही नाही. "चरबीची आहे. सोडून द्या."

चरबीची गाठ सहसा दुखत नाही, हे मला ठाऊक होतं. वर्षभरात त्यांनी ती आणखी दोनदा दाखवली. लिंबाएवढी झाली तेव्हा मी दहा मिनिटांत काढली आणि तपासायला न पाठवता फेकून दिली.

चार महिन्यांत ती त्याच व्रणातून वर आली. या वेळी तुकडा धुळ्याला पाठवला. वेगवेगळे रंग देऊन तपासावा लागला, म्हणून रिपोर्टला वेळ लागला. शेवटी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचा फोन आला. "अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा बारीक स्नायू असतो ना, तसल्या पेशींचा कॅन्सर आहे हा. फार दुर्मीळ." मग त्यांनी विचारलं, "आधीची गाठ काढली होती, तिचा रिपोर्ट?"

"सापडत नाहीये," मी म्हणालो.

आप्पा समोरच बँडेज गुंडाळत उभे होते. त्यांचे हात थांबले, पुन्हा सुरू झाले.

सुरतला ऑपरेशन झालं, पण आजार फुप्फुसात उतरला होता. दीड वर्ष गेलं. भेटायला जायचो तेव्हा मी एक्स-रेबद्दल बोलायचो, औषधांबद्दल बोलायचो. माझं चुकलं, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

आप्पांच्या दहाव्याला कोरीटला गेलो. त्यांच्या पत्नीने हात जोडले. "यासनी घर सांगं व्हतं, साहेबनी दुखनं लगेच वळखं, म्हणीसन इतला दिन भेटनात."

ओट्यावरची माणसं माझ्याकडे आदराने बघत होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात कुणीतरी चहा पुढे केला.

मी तो घेतला आणि बसलो.